अंधाऱ्या पानावरही टिकेल अशी फाईल

आईच्या औषधांचा तक्ता मी ताईला पाठवला होता. सकाळच्या गोळ्या गडद निळ्या अक्षरांत, रात्रीच्या गडद लाल, आणि जिथं 'जेवणाआधीच' असं होतं तिथं पिवळं हायलाइट. माझ्या पडद्यावर तक्ता अगदी नीटनेटका दिसत होता. दहा मिनिटांत ताईचा फोन आला. "अगं, सकाळचा रकाना रिकामाच आहे. सकाळी काही द्यायचं नाहीये का?"

रकाना भरलेला होता. तिच्या फोनवर डार्क मोड चालू होता, म्हणजे पान काळं होतं, आणि माझी निळी अक्षरं त्या काळ्यात विरून गेली होती. 'जेवणाआधीच' या शब्दाच्या जागी तिला नुसती पिवळी पट्टी दिसत होती. ॲपनं त्या शब्दाची अक्षरं पांढरी केली होती आणि पट्टी पिवळीच ठेवली होती. पिवळ्यावर पांढरं काय दिसणार? तिनं विचारलं म्हणून निभावलं. दस्तऐवज तयार करणं हेच माझं चौदा वर्षांचं काम आहे: कार्यपद्धतीच्या पुस्तिका, फॉर्म, सूचनापत्रं. त्या दिवसापासून मी प्रत्येक फाईल काळ्या पानावर उघडून बघितल्याशिवाय पाठवत नाही. या लेखात ते कसं करायचं तेवढंच सांगते.

आधी ताईच्या डोळ्यांबद्दल, कारण त्यावरून बाकीचं कळतं. जुन्या जंतुसंसर्गामुळे तिच्या दोन्ही बुबुळांवर फूल पडलं आहे. पांढऱ्या पानाचा उजेड त्या धूसर डागांवर आदळतो आणि सगळीकडे पसरतो. धुरकट काचेतून समोरच्या गाडीचे दिवे बघताना जसं होतं, तसं. पान काळं केलं की डोळ्यांत शिरणारा एकूण उजेडच कमी होतो आणि अक्षरं उरतात. मोतीबिंदू असलेल्या बऱ्याच जणांचा अनुभव असाच असतो. अर्धशिशीच्या दिवसांत उजेड सहन न होणारे, रात्रपाळीला अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसणारे, हेही डार्क मोड नाइलाजानं वापरतात.

पण उलटी बाजूही तितकीच खरी आहे. ज्यांच्या चष्म्यात सिलिंडर नंबर आहे त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं कडेनं फुटल्यासारखी, पसरल्यासारखी दिसतात. काळ्या पडद्यासमोर डोळ्याची बाहुली मोठी होते आणि डोळ्याच्या रचनेतले दोष जास्त जाणवतात. निरोगी डोळ्यांच्या बहुतेकांना लांबलचक मजकूर पांढऱ्यावर काळाच सोपा जातो. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते: डार्क मोडसाठी म्हणून पानाला काळा रंग भरून फाईल पाठवू नका. तेही लादणंच झालं. पान काळं हवं की पांढरं हे वाचणारा ठरवेल. त्यानं काहीही ठरवलं तरी आपली फाईल वाचता आली पाहिजे, एवढीच आपली जबाबदारी.

'ऑटोमॅटिक' आणि 'काळा' एक नव्हेत

वर्डमध्ये फाँट कलरची यादी उघडली की सगळ्यात वर 'ऑटोमॅटिक' दिसतं आणि खालच्या चौकटींमध्ये काळा. पांढऱ्या पानावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, त्यामुळे बहुतेक जण सरळ काळा निवडतात. फरक बघायचा असेल तर एक छोटा प्रयोग करा. दोन घरांचा तक्ता घ्या, एका घरात ऑटोमॅटिक रंगानं आणि दुसऱ्यात मुद्दाम काळा निवडून एकच शब्द लिहा. मग दोन्ही घरांना गडद रंग भरा. पहिल्या घरातला शब्द आपोआप पांढरा होतो, दुसऱ्यातला काळाच राहतो आणि दिसेनासा होतो. 'ऑटोमॅटिक' म्हणजे फाईलनं रंगाबद्दल काहीच सांगितलेलं नाही, मागचं बघून यंत्रानं ठरवायचं. 'काळा' म्हणजे फाईलचा हुकूम.

वर्ड स्वतः डार्क मोडमध्ये पक्के नेमलेले रंगही बरेचसे सांभाळून घेतं, म्हणून ही चूक वर्डमध्ये सहसा उघडी पडत नाही. तोच मजकूर मेलमध्ये चिकटवला किंवा फोनवरच्या दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये उघडला की ती बाहेर येते. माझ्या तक्त्याचं तेच झालं.

वेबपानावरून उचललेला मजकूर हा दुसरा घोटाळा. तो आपल्यासोबत अक्षरांचा रंग आणतो, पुष्कळदा मागची पांढरी पार्श्वभूमीही आणतो. पांढऱ्या पानावर ती दिसत नाही. डार्क मोडमध्ये मात्र काळ्या पानावर मध्येच पांढरे चौकोन उमटतात आणि ताईसारख्यांच्या डोळ्यांत ते टॉर्चसारखे घुसतात. चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरलं तर नुसता मजकूर येतो. आधीच येऊन बसलेला रंग काढायचा तर मजकूर निवडून कंट्रोल-स्पेस दाबा, परिच्छेदालाच रंग भरलेला असेल तर कंट्रोल-क्यू. कंट्रोल-स्पेसनं वेगळं दिलेलं ठळक-तिरपंही निघून जातं, तेवढं परत द्यावं लागतं. शंभर पानांची जुनी फाईल असेल तर 'फाइंड अँड रिप्लेस'मध्ये शोधायच्या आणि बदलायच्या दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवून, फॉरमॅटमधून शोधायचा रंग काळा आणि बदलायचा रंग ऑटोमॅटिक द्या. एका झटक्यात काम होतं.

शीर्षकं नेहमी स्टाइल्समधूनच द्या. मजकूर हातानं मोठा आणि रंगीत करून ठेवला तर प्रत्येक ओळ वेगळी दुरुस्त करावी लागते. 'हेडिंग १' दिलेलं असेल तर स्टाइल एकदा बदलली की पूर्ण पुस्तिका बदलते. शिवाय स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं साधन) वापरणाऱ्याला एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते ती या स्टाइल्समुळेच.

दोन्हीकडे चालेल असा एक रंग का सापडत नाही

सुरुवातीला मीही असा रंग शोधत बसले होते, की जो पांढऱ्यावरही चालेल आणि काळ्यावरही. त्यात बरेच दिवस गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हिशेबच मांडते.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक कॉन्ट्रास्टच्या गुणोत्तरानं मोजतात. कमीत कमी १:१, म्हणजे फरकच नाही. जास्तीत जास्त २१:१, म्हणजे शुद्ध पांढऱ्यावर शुद्ध काळं. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची डब्ल्यूसीएजी ही वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीची मार्गदर्शिका, तिच्यात नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५:१ लागतं. अठरा पॉइंट किंवा त्याहून मोठा, अथवा चौदा पॉइंट ठळक मजकूर असेल तर ३:१ पुरतं. हे २००८ च्या २.० आवृत्तीपासून आहे. २०१८ च्या २.१ आवृत्तीनं आलेखातल्या रेषा, चिन्हं, बटणांच्या कडा यांनाही ३:१ ची अट घातली.

आता गंमत अशी की कुठल्याही रंगाचं पांढऱ्याशी असलेलं गुणोत्तर आणि शुद्ध काळ्याशी असलेलं गुणोत्तर यांचा गुणाकार नेहमी २१ च येतो. एकीकडे वाढलं की दुसरीकडे घटणारच. दोन्हीकडे ४.५ हवं असेल तर जागा उरते ती मधल्या राखाडी उजेडाची एक अरुंद पट्टी. त्यातून डार्क मोडचं पान बहुधा शुद्ध काळं नसतं, गडद राखाडी असतं. १२१२१२ हा हेक्स कोड (रंग सांगणारा सहा खुणांचा कोड) त्यासाठी खूप वापरला जातो. त्याचं पांढऱ्याशी गुणोत्तर २१ नाही, साधारण १८.७ आहे. म्हणजे दोन्ही पानांवर समान वाटणी केली तरी हाती जेमतेम ४.३ येतं. ४.५ कुठल्याच रंगाला गाठता येत नाही.

वर्डच्या तयार रंगांमधला 'डार्क ब्लू' पांढऱ्यावर १५:१ च्या वर जातो, या गडद राखाडीवर मात्र त्याचं गुणोत्तर फक्त १.२ उरतं. आईच्या सकाळच्या गोळ्या गेल्या त्या इथंच. 'डार्क रेड' पांढऱ्यावर साडेसहाच्या आसपास, गडद राखाडीवर तीनलाही पोचत नाही. लिंकसाठी वापरला जाणारा शुद्ध निळा पांढऱ्यावर ८.६ आणि शुद्ध काळ्यावर २.४.

यातून माझा नियम ठरला तो असा. मुख्य मजकुराला रंग द्यायचाच नाही, तो ऑटोमॅटिक राहू द्यायचा. मोठी शीर्षकं, आलेखाच्या रेषा, बाण यांना रंग हवाच असेल तर मधल्या उजेडाचा घ्यायचा, कारण त्यांना ३:१ पुरतं आणि तेवढं दोन्ही बाजूंना साधतं. मध्यम निळा, मध्यम हिरवा, विटकरी यांतून निवडता येतं. कॉन्ट्रास्ट मोजून देणारी मोफत साधनं भरपूर आहेत. एकाच रंगाला दोनदा मोजा, एकदा पांढऱ्यावर आणि एकदा १२१२१२ वर. बहुतेक जण दुसरं मोजमाप घेतच नाहीत.

हायलाइटबद्दल मी आता कडक झाले आहे: वापरायचंच नाही. पांढरं अक्षर आणि शुद्ध पिवळा यांचं गुणोत्तर १.०७ आहे. लक्ष वेधायचं असेल तर शब्द ठळक करा, परिच्छेदाच्या डाव्या बाजूला जाड रेघ द्या, आणि सुरुवातीला 'सावधान' किंवा 'महत्त्वाचं' असा शब्द लिहा. तो शब्द सगळ्यांना पोचतो. रंग न ओळखणाऱ्यांना, स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्यांना, काळ्या-पांढऱ्या छपाईवर वाचणाऱ्यांनासुद्धा.

देवनागरीची वेगळी काळजी

हा भाग इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये सापडत नाही आणि मला सगळ्यात जवळचा आहे. काळ्यावर पांढरी अक्षरं किंचित पसरतात असं वर म्हटलं. रोमन अक्षरं त्यातून निभावून जातात. आपल्या अक्षरांच्या पोटात बारीक काम फार. 'ब' आणि 'व' यांच्यात फरक काय, तर पोटातली एक तिरकी रेघ. 'ष' आणि 'प' मध्येही तेच. 'घ' आणि 'ध' शिरोरेषेच्या एका तुटलेल्या तुकड्यावर ओळखायचे. अक्षर पसरलं की ती रेघ गिळली जाते, तो तुकडा भरून जातो. 'बारा' आणि 'वारा' सारखे दिसू लागतात. अनुस्वाराचा टिंब शिरोरेषेला चिकटतो, रफार आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात.

आणि आकडे. '१' आणि '९' धूसर दिसत असताना शेजारी ठेवून बघा. ताईनं एकदा '१ गोळी' हे '९ गोळी' वाचलं आणि थबकली. तेव्हापासून जिथं आकडा चुकून चालणार नाही तिथं मी तो अक्षरातही लिहिते: १ (एक), ९ (नऊ). औषधाची मात्रा, खाते क्रमांकाचा शेवट, परीक्षेची वेळ, अशा ठिकाणी हे कराच.

फाँट निवडताना बारीक वजनाचे टाळा. नोटो सान्स देवनागरी आणि मुक्ता हे दोन्ही बऱ्याच वजनांत मिळतात. त्यांतलं 'लाइट' सोडून द्या, 'रेग्युलर' किंवा 'मीडियम' घ्या. खूप जाडही नको, कारण मग जोडाक्षरांची पोटं बुजतात. 'क्ष', 'ष्ट', 'द्ध', 'ङ्ग' हे लिहून बघा, आतली पोकळी मोकळी दिसली तर फाँट चालेल. कोकिळा आणि अपराजिता कागदावर सुंदर दिसतात, पण त्याच पॉइंटला आकारानं लहान आणि अंगानं बारीक आहेत, डार्क मोडसाठी मी ते घेत नाही.

ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा. खालच्या ओळीची वेलांटी आणि वरच्या ओळीचा उकार यांची टक्कर होता कामा नये. दोन अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका. इंग्रजीत हा सल्ला सर्रास दिला जातो, पण देवनागरीत त्यानं शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा आकारच मोडतो. तिरप्या अक्षरांचंही तसंच. जोर द्यायला ठळक पुरे.

आणि जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फाँटमधली फाईल असेल तर रंगांच्या आधी ती युनिकोडमध्ये आणा. तशी फाईल दुसऱ्या फाँटमध्ये नेली की निरर्थक चिन्हं उमटतात, आणि स्क्रीन रीडर तीच निरर्थक चिन्हं वाचून दाखवतो.

चित्रं आणि पीडीएफ

पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी चित्र हा डार्क मोडमधला सर्वांत गुपचूप दगा. पांढऱ्या पानावर काळ्या रेषांची आकृती सुरेख बसते, काळ्या पानावर पूर्ण नाहीशी होते. कोणी तक्रारही करत नाही, कारण तिथं काही होतं हेच समजत नाही. चिन्हं, सही, रेखाचित्रं, गणिताची सूत्रं हे सगळं यात येतं. उपाय सोपा आहे: चित्राला पार्श्वभूमी भरून द्या, चारही बाजूंना थोडी मोकळी जागा ठेवा. शुद्ध पांढऱ्याऐवजी फिकट राखाडी भरली तर काळ्या पानावर झगमगाट कमी होतो. सूत्रं चित्र म्हणून न चिकटवता वर्डच्या इक्वेशनमध्ये लिहा, म्हणजे ती मजकुराबरोबर रंग बदलतात.

काही जण डार्क मोड न वापरता पूर्ण पडद्याचे रंगच उलटे करतात. त्यात फोटोही निगेटिव्हसारखे होतात. म्हणून चित्रातला रंग महत्त्वाचा असेल तर तो खाली शब्दांत लिहा. 'गुलाबी, लांबट गोळी' असं लिहिलेलं असलं की फोटो कसाही दिसला तरी चालतं. तेच शब्द चित्राच्या ऑल्ट टेक्स्टमध्येही (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो त्या वर्णनात) टाका.

पीडीएफचं पान रंगासकट गोठलेलं असतं. तरी ॲक्रोबॅट रीडरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ॲक्सेसिबिलिटीत 'रिप्लेस डॉक्युमेंट कलर्स' आहे, तिथून वाचणाऱ्याला रंग पालटता येतात. पण ते जमतं खऱ्या मजकुराच्या पीडीएफमध्ये. कागद स्कॅन करून बनवलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो, तिच्यातली अक्षरं तशीच राहतात. स्कॅन पाठवायचाच असेल तर आधी ओसीआर करा, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा खरा मजकूर बनवा, आणि निकाल ओळीनं ओळ तपासा. वर्डमधून पीडीएफ करताना 'प्रिंट'मधून करू नका, शीर्षकांची आणि तक्त्यांची सगळी माहिती गळून जाते. 'सेव्ह ॲज'मधून करा आणि पर्यायांत 'डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी' वर खूण आहे ना ते बघा.

ईपब (ई-पुस्तकाची फाईल) किंवा वेबपान बनवत असाल तर तत्त्व तेच: मजकुराला पक्का रंग नको. आणि अक्षराचा रंग द्यायचाच असेल तर पार्श्वभूमीचाही त्याच जागी द्या. एक दिला आणि दुसरा सोडला की काळ्यावर काळं ठरलेलं.

पाठवण्याआधी

वर्डमध्ये पान काळं झालं असेल तर 'व्ह्यू' टॅबवरच्या 'स्विच मोड्स'नं पान काळं-पांढरं आलटून-पालटून बघता येतं. एवढ्यावर थांबू नका, वर्ड दोष झाकतं हे वर सांगितलंच. विंडोजवर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबलं की कॉन्ट्रास्ट थीम चालू होते. त्यात फाईलनं नेमलेले बहुतेक रंग बाजूला सारले जातात. तिथं जो अर्थ हरवला, तो तुम्ही फक्त रंगाच्या भरवशावर ठेवला होता असं समजा.

मग फाईल स्वतःला मेल करा आणि फोनवर डार्क मोडमध्ये उघडा. ब्राइटनेस अगदी खाली आणा, खोलीतला दिवा मालवा, आणि वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचा. रकाने मोजा, चित्रं मोजा. मूळ फाईलमध्ये तक्ते चार आणि फोनवर तीन दिसले तर एक कुठंतरी काळ्यात बुडालाय. नंतर तोच फोन उन्हात नेऊन बघा, कारण काळ्या पडद्यावर उन्हात आपलाच चेहरा जास्त दिसतो. तिथं फाईल लाइट मोडमध्येही नीट चालली पाहिजे.

आईच्या तक्त्यात आता एकही रंग नाही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'सकाळ' किंवा 'रात्र' हा शब्द आहे, मात्रा आकड्यात आणि अक्षरात, 'जेवणाआधी' ठळक आणि स्वतंत्र रकान्यात. फाईलसोबतच्या मेलमध्ये मी एक ओळ लिहिते: 'एक तक्ता आहे, सहा ओळी आहेत, चित्र नाही.' ताई उघडते, ओळी मोजते, आणि सहा भरल्या की मला कळवते.